दोनच उत्तरं

या, अशा जवळ सरकून बसा. मागं कशाला थांबता, पुढं जागा आहे. आज राजाची नाही, ऋषीची नाही, एका शब्दाची गोष्ट सांगतो. शब्द साधाच आहे, उठता बसता तोंडात येणारा. देवानं तो माणसाच्या जिभेवर ठेवला तेव्हा त्याच्या मनात काही वाकडं नसणार. पण तो एका बहिणीच्या तोंडून निघाला आणि भावाच्या कानात शिरला, आणि तेवढ्या वाटेत त्याचं काय होऊन बसलं ते ऐका. गोष्ट सुखाची नाही, आधीच सांगून ठेवतो. मन घट्ट करा.

एक ताई होती. संगणक बनवणाऱ्या कंपनीत कामाला. आता तुम्ही म्हणाल, संगणक आम्हाला काय कळतो. थांबा, सोपं करून सांगतो. समजा एक संगणक लांब कुठंतरी बसवलाय, जमिनीच्या पोटात, नाहीतर डोंगरावर. तो अडकून बसला तर कुणीतरी तिथवर जाऊन त्याचं बटण दाबायचं. ही पायपीट वाचावी म्हणून या कंपनीनं संगणकाच्या पोटात एक बारकी चिप बसवली. संगणक झोपला तरी ही जागी. लांबून तिला विचारायचं, ‘बाई गं, संगणक चालू आहे की बंद?’ ती सांगणार. ‘बंद असेल तर उठव’ म्हटलं की उठवणार. त्या चिपमध्ये जो प्रोग्राम कोरलेला असतो त्याला फर्मवेअर म्हणतात, आणि तिला काय शब्दांत विचारायचं, तिनं काय शब्दांत उत्तर द्यायचं, ही जी ठरलेली बोली, तिला इंटरफेस म्हणतात. झालं. याहून जास्त या गोष्टीला लागत नाही.

ताईचं काम त्या बोलीवर शिक्का मारायचं. शिक्के तीन. ‘घरगुती’ म्हणजे ही बोली कंपनीतल्या कंपनीत, बाहेरच्यानं वापरू नये. ‘कच्चा’ म्हणजे वापरा, पण आम्ही उद्या बदलू, मग रडत येऊ नका. आणि ‘पक्का’ म्हणजे आम्ही शब्द दिला, ही बोली आता बदलणार नाही, हिच्या भरवशावर तुमचे प्रोग्राम खुशाल लिहा. कोणता शिक्का बसवायचा यावर तिथं माणसं हमरीतुमरीवर येत. निवाडा ताईचा. तिनं पक्का म्हटलं की कंपनीचा मालकसुद्धा तो मोडू शकत नसे. इतकी वर्षं ती हे करत होती की घरी दूधवाल्यालासुद्धा ‘उद्या येणार हे कच्चं की पक्कं?’ असं विचारायची, आणि तो हसायचा.

तर त्या चिपच्या बोलीचा निवाडा तिच्यासमोर आला. खोली लहान, खिडकीला जाड काच, टेबलावर उघडून ठेवलेला एक संगणक, त्याच्या तारा बाहेर लोंबतायत. खोलीत तिघं. ताई, चिपचा प्रोग्राम लिहिणारा, ज्याला सगळं ऑफिस ‘आजोबा’ म्हणायचं, लग्न नाही की मूल नाही, नुसते केस पांढरे, आणि विक्रीवाले साहेब, बोलायला गोड, बसायला नेहमी दाराजवळ.

“बाई, माझं म्हणणं एवढंच आहे,” आजोबा म्हणाले. “सध्या हिला दोनच उत्तरं येतात. चालू आणि बंद. मला तिसरं शिकवायचंय. माहीत नाही.”

“माहीत नाही हे काय उत्तर झालं?” साहेब म्हणाले. “माझी बायको विचारते कधी येणार, मी म्हणतो माहीत नाही. जेवण मिळत नाही त्या दिवशी.”

“तुमचं तसंही ठीकच दिसतंय,” आजोबा त्यांच्या पोटाकडे बघून म्हणाले.

ताईनं विचारलं, “तिला माहीत नसतं, असं होतं कधी?”

“क्वचित. संगणक चालू आहे हे चिपला एका बारीक तारेवरून कळतं. वीज दगा देऊन गेली, ती तार जळाली, तर चिप आंधळी.”

“मग सध्या अशा वेळी ती काय सांगते?”

“शेवटचं जे ठाऊक होतं ते.”

“म्हणजे खोटं बोलते.”

“खोटं नाही हो. शिळं.”

बघा, भजनात एखादा टाळकरी बसल्या जागी पेंगतो. डोळे मिटलेले, पण हात आपला ठेक्यात चालूच. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय रंगलाय. तशी ती चिप. आजोबांना तेवढंच नको होतं. पेंग आली तर टाळ थांबव म्हणत होते. पण ते तिसरं उत्तर शिकवायला फर्मवेअरच्या पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागणार होतं, आणि तोवर शिक्का ‘कच्चा’.

साहेब आता दारापासून उठून टेबलाशी आले. “बाई, शहरातली सांडपाण्याची सगळी पंपघरं आपले संगणक घ्यायला तयार आहेत. त्यांची एकच अट आहे. बोली पक्की पाहिजे. पंपांवर नजर ठेवायच्या वरच्या खोलीतला त्यांचा प्रोग्राम एका कंत्राटदारानं लिहिलाय, त्याला दोनच उत्तरं कळतात, तिसरं ऐकलं की पडदाच बंद पडतो. आणि तो कंत्राटदार आता त्याला परत हात लावणार नाही. आज पक्कं म्हणा, नाहीतर ते दुसरीकडे जातात. दुसऱ्यांच्या संगणकात चिपच नाही.”

ताईनं लगेच नाही म्हटलं नाही. का ते ऐका. तिचा पाठचा भाऊ त्यातल्याच एका पंपघरात कामाला होता. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याला घरात ढब्बू म्हणायचे. मोठा होऊन काठीसारखा वाळला, पण नाव तेच राहिलं. पंपघर जमिनीच्या खाली, खोल विहिरीसारखं. तिथं घाण साचते, घाणीतून विषारी हवा धरते. ती ओढून बाहेर टाकायला मोठा पंखा, आणि पंखा चालवणारा संगणक खालीच. हा संगणक सारखा अडकायचा. अडकला की पंखा बंद, आणि पंखा बंद असताना त्याच हवेत लोखंडी शिडीनं उतरून ढब्बूनं बटण दाबायचं. तोंडाला फडकं, छातीत श्वास कोंडलेला. एकदा त्याच्या जोडीदाराला बेशुद्ध वर काढलं होतं. ढब्बू घरी हे हसत सांगायचा, आणि त्याची बायको उठून आत जायची.

“माझा भाऊ तिथं आहे,” ताई म्हणाली.

“मग हा निवाडा तुम्ही करू नका,” आजोबा म्हणाले. आवाज मऊ होता.

“का? तोच तर खाली उतरतो. त्याचा विचार मी नाही करायचा तर कुणी करायचा?” ती म्हणाली. “तुमचं शिळं उत्तर क्वचित येईल, आजोबा. तो मात्र आठवड्याला उतरतो. पक्का.”

आजोबांनी वाद घातला नाही. त्यांनी एवढंच मागितलं की माहितीपुस्तकात एक ओळ घाला, उत्तर शेवटच्या ठाऊक स्थितीचं असू शकतं. ओळ घातली. पुस्तक कंत्राटदाराकडे गेलं. पुढं त्याचं काय झालं ते विचारू नका. आपल्या घरात मिक्सरसोबत आलेलं पुस्तक कुठं आहे, ते तरी आपण सांगू शकतो का?

चिप बसली, आणि खरंच सांगतो मंडळी, ढब्बूचा त्रास सुटला. वरच्या खोलीत पडद्यावर एक दिवा. संगणक चालू तर हिरवा, बंद तर लाल. लाल झाला की वरूनच बटण दाबायचं, खाली तो आपोआप उठायचा, पंखा घुमायला लागायचा. आता ढब्बू खाली उतरायचा तो फक्त जाळीत अडकलेला कचरा काढायला, आणि तोही दिवा हिरवा बघून.

एका सुटीच्या दिवशी ताई त्याच्याकडे जेवायला गेली. दोन खोल्यांचं घर. ढब्बूनं स्वतः वाढलं. खोकला कमी झाला होता, चेहऱ्यावर तुकतुकी होती.

“ताई, तुझ्या त्या चिपनं मला आळशी केलं,” तो म्हणाला. “पोट सुटलं तर तुझी जबाबदारी.”

“सुटू दे. नाव तरी शोभेल.”

बायको हातात भांडं घेऊन उभी होती. ती म्हणाली, “ताई, एक विचारू? पूर्वी हे एक मीटर घेऊन उतरायचे, विषारी हवा मोजायचं. आता म्हणतात त्याची गरज नाही. मीटर एकच आहे, ते दुसऱ्या पाळीवाले नेतात. हे नुसता दिवा बघून उतरतात. मला धाकधूक होते.”

“अगं, कंपनीनं शिक्का मारलाय,” ढब्बू म्हणाला. “आणि शिक्का कुणाचा, तर आमच्या ताईचा. त्यांच्या विक्रीवाल्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माझी कॉलर इतकी ताठ झाली. काय ताई, पक्कं आहे ना ते?”

आणि ताई म्हणाली, “पक्कं.”

इथं थांबतो जरा. ती खोटं बोलली का? नाही. तिच्या ऑफिसच्या भाषेत ते पक्कंच होतं, तिनंच केलेलं. बोली बदलणार नाही, एवढा त्याचा अर्थ. तो शब्द इतक्या वर्षांत तिच्या तोंडात गुळगुळीत झाला होता की त्याला दुसरी बाजू आहे हेच ती विसरली. आणि ढब्बूनं काय ऐकलं? तुम्ही जे ऐकलंत तेच. आपण मुलाला विचारतो, दार लावलंस का, पक्कं? तेव्हा आपण दाराचा साचा बदलणार का हे विचारत नाही. ढब्बूच्या बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. ती निर्धास्त झाली. ताईनं अजून भात मागून घेतला.

पुढचं मी भरभर सांगणार आहे, कारण ते लांबवून सांगण्यासारखं नाही.

भर दुपारची वेळ होती. वीज एकदम गेली आणि झटका देऊन परत आली. खालचा संगणक बंद पडला तो पडलाच, आणि त्याच्यासोबत पंखाही. ती बारीक तार जळाली. चिप मात्र जागी झाली, आणि तिला जे शेवटचं आठवत होतं ते सांगू लागली, ‘चालू’. जाळी तुंबली होती, पाणी वर चढत होतं. ढब्बूनं शिडीवर पाय ठेवून जोडीदाराला हाक मारली, “हिरवा का रे?”

“हिरवा,” जोडीदार म्हणाला. खरंच हिरवा होता.

पंख्याचा आवाज? पंप चालू असताना तिथं कुणाला कशाचा आवाज ऐकू येतो. ढब्बू उतरला. कमरेला दोर होता. जोडीदारानं दोर हलवून पाहिला, उत्तर आलं नाही, त्यानं ओढलं, माणसं गोळा केली, सगळं केलं. वर आला तेव्हा ढब्बूच्या हातात जाळीतला कचरा तसाच घट्ट धरलेला होता. परमेश्वरानं त्याला आपल्या पायाशी जागा दिली असेल. मी रोज तेच मागतो.

संगणक कंपनीत आणला. आजोबांनी तो उघडला, भिंगाखाली धरला आणि ताईला बोलावलं. भिंग तिच्याकडे सरकवलं. तारेच्या जागी काळा ठिपका होता.

“तुम्ही सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“मी क्वचित म्हणालो होतो,” आजोबा म्हणाले. “त्या शब्दावर मलाही झोप लागत नाही.”

ती भावजयीकडे गेली. आलेली माणसं पांगली होती. दोन खोल्यांपैकी एकीत अंधार ठेवलेला. भावजय भिंतीला टेकून बसली होती. ओरडली नाही, दोष दिला नाही. म्हणाली, “ताई, तुम्ही पक्कं म्हणाला होतात.”

“हो.”

“मग?”

ताईनं सांगायचा प्रयत्न केला. की पक्कं म्हणजे तिथं वेगळं. की बोलीचा साचा बदलणार नाही, उत्तर दोनपैकीच एक येईल, त्याच शब्दांत येईल, आज येईल तसंच दहा वर्षांनी येईल. भावजयीनं सगळं ऐकून घेतलं. शिकलेली होती, शाळेत शिकवत होती, तिला कळलं.

“बरं,” ती म्हणाली. “आणि ते उत्तर खरं आहे की नाही, याला तुमच्याकडे कोणता शिक्का आहे?”

घरगुती, कच्चा, पक्का. ताईनं मनातल्या मनात सगळे शिक्के धुंडाळले.

“त्याला शिक्का नाही,” ती म्हणाली.

“नाहीच?”

“कधी लागेल असं वाटलं नाही.”

भावजय उठली आणि तिनं तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. घरी आलेल्याला पाणी द्यायचं म्हणून. ताईच्यानं तो उचलवला नाही.

आता तुम्हाला वाटेल, ताईनं ऑफिसात जाऊन ती बोली बदलली असेल. तीही त्याच विचारानं गेली. तीच खोली, तेच तिघं. ती बसलीसुद्धा नाही.

“आजोबा, तिसरं उत्तर घाला. आज. मी शिक्का काढते.”

साहेबांनी तोंड उघडलं, पण ते बोलायच्या आत आजोबाच म्हणाले, “नाही, बाई.”

“तुम्ही नाही म्हणता? तुम्हीच मागत होतात.”

“तेव्हा मागत होतो. तेव्हा ही चिप कुणाकडे नव्हती. आता गावोगावच्या पंपघरांत आहे, इस्पितळांच्या वीजघरांत आहे. त्या सगळ्यांनी तुमच्या शब्दावर प्रोग्राम लिहिलेत. दोन उत्तरांचे. मी फर्मवेअर बदललं, ते त्यांच्याकडे आपोआप पोचलं, आणि उद्या एखाद्या इस्पितळाच्या पडद्याला ‘माहीत नाही’ ऐकू आलं, तर तो पडदाच बंद पडेल. मग तिथं कुणालाच काही दिसणार नाही. लाल नाही, हिरवा नाही.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “एकासाठी आपण किती जणांना आंधळं करायचं, ते मला माहीत नाही. तो एक कोण होता ते माहीत असूनसुद्धा.”

साहेब हळूच म्हणाले, “बाई, तुम्ही घरी जा. हे आम्ही बघतो.”

“तुम्ही काय बघणार,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. ती खुर्चीवर बसली. भाऊ गेलेली बाई आणि निवाडा करणारी बाई एकाच खुर्चीत बसल्या होत्या, आणि दोघींना एकच तोंड होतं. मी देवाला मानतो, पण त्या घडीला त्यानं तिच्या बाजूला येऊन बसायला हवं होतं असं मला अजून वाटतं. कदाचित बसलाही असेल. तिला दिसला नाही.

शेवटी तिनं निवाडा दिला. जुनी बोली पक्की आहे, पक्कीच राहील. दोनच उत्तरं, जशीच्या तशी. तिच्या शेजारी एक नवा प्रश्न घालावा, ‘तुला हे आत्ता ठाऊक आहे का?’ ज्याला हवं त्यानं तो विचारावा. त्या नव्या प्रश्नाला शिक्का: कच्चा.

“कच्चा का?” आजोबांनी विचारलं. “हा तरी पक्का करा.”

“मला आता पक्कं म्हणवत नाही,” ती म्हणाली.

म्हणजे काय झालं, लक्षात आलं का? जिथं जिथं जुने प्रोग्राम आहेत, तिथं तो नवा प्रश्न कुणी विचारतच नाही. विचारायला कुणीतरी प्रोग्राम परत लिहायला हवा, आणि कच्च्या बोलीवर कोण लिहितो? ज्या शिक्क्यानं भाऊ गेला तो शिक्का तिनं स्वतःच्या हातानं परत मारला, आणि तो बरोबर होता. बरोबर असूनही तिला जेवण गेलं नाही.

मग तिनं फोन करायला सुरुवात केली. कंपनीनं सांगितलं नव्हतं. दुपारच्या सुटीत डबा न उघडता ती एकेका पंपघराला फोन लावते. जो कुणी उचलेल त्याला सांगते की दिवा हिरवा असला तरी हवेचं मीटर घेऊनच उतरा. काही जण ऐकतात, बरं बाई म्हणतात. काही जण विचारतात, तुम्ही कोण? आणि पुष्कळ जण म्हणतात, “अहो, तुमच्याच कंपनीनं पक्कं म्हणून दिलंय ना?”

“हो,” ती म्हणते. “पक्कं आहे. पण खरं असेलच असं नाही.”

पलीकडचा हसतो. त्याला वाटतं, बाईला बोलता येत नाही नीट. कधी फोन ठेवून देतो. ती पुढचा नंबर लावते.

भावजय तिच्याशी बोलते. जेवायलाही बोलावते. ढब्बूचं नाव मात्र दोघींच्या मध्ये कुणी घेत नाही. एकीला वाटतं दुसरीला लागेल, दुसरीला वाटतं पहिलीला. असं नाव घरातून निघून जायला वेळ लागत नाही. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. काठीसारखा वाळलेला, हसत हसत वाढणारा तो माणूस. आज घरी गेल्यावर देवापुढं दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा आपापल्या माणसांच्या नावांत त्याचंही एक नाव घ्या. ढब्बू. एवढंच. तोंडानं घ्या, मनात नको.